मध्यंतराला उठू नका

पत्र

ताई,

मी 44 वर्षांची आहे. नाशिकमधल्या एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. तुमच्याकडे येणाऱ्या पत्रांपुढे माझा प्रश्न किरकोळ आहे. त्यामुळे लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले.

बारावीत असताना माझ्या मामेभावाने मला एक कॅसेट भरून दिली होती. तो तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द वॉल’ हा अल्बम. इंग्रजी निम्मंसुद्धा कळत नव्हतं, पण शिक्षकांवर, आईवर, सगळ्या जगावर चिडलेला तो आवाज मला माझाच वाटायचा. वर्षभर दुसरं काही ऐकलं नाही. पुढे बी.एड., लग्न, नोकरी, मुलगा या सगळ्यात ती कॅसेट माळ्यावर गेली आणि मी ऐकायला लागले कुमार गंधर्व, किशोरीताई.

या जुलैपासून मात्र त्याच अल्बमने मला परत धरलंय. रात्री सगळे झोपले की कानात इअरफोन घालून पडायचं आणि पहिल्यापासून ऐकायचं. मोबाइलवर मी पहिल्या 13 गाण्यांची वेगळी यादी करून ठेवली आहे. ती संपली की पुन्हा पहिलं गाणं. दुसरा भाग लावत नाही, तो अंगावर येतो. झोपायला एक-दीड वाजतो. सकाळी पोळ्या लाटतानाही डोक्यात तेच. दुसरं काही लावलं तर पाच मिनिटांत बंद करते. कुमारांची निर्गुणी भजनंही नकोशी वाटतात, याची मात्र मला भीती वाटते. ह्यांचं म्हणणं, “तुझी पिन अडकलीये.” मुलगा अकरावीत आहे. त्याला एकदा ऐकायला बसवलं, तर दहा मिनिटांत उठला. “आई, यात एवढं आहे तरी काय?” म्हणाला. मला सांगता आलं नाही.

शाळेत तसं ठीक चाललंय. घटक चाचणीच्या सुमारास नववीतल्या एका मुलाच्या वहीत मागच्या पानांवर चित्रं सापडली, आम्हा शिक्षकांचीच. एक माझंही होतं. मी ती वही वर धरून वर्गाला दाखवली, दोन बोचरी वाक्यं बोलले, वर्ग खो खो हसला. तेव्हापासून तो मुलगा माझ्या तासाला मान वर करत नाही. पण शाळा म्हटली की असं होतच असतं.

मला एवढंच विचारायचंय: हे वेड आहे का? ती यादी पुसून टाकू का? आणि मुलांना त्रास देऊ नका असं शिक्षकांना ठणकावणारं गाणं एका शिक्षिकेनेच रोज रात्री ऐकावं, यात काही चुकतंय का?

– गणिताच्या बाई, नाशिक

उत्तर

बाई,

यादी पुसू नका, वाढवा. तिच्यात आणखी 13 गाणी घालायची राहिली आहेत.

आधी वेडाचं बघू. एकच अल्बम पुन्हा पुन्हा ऐकणं हा आजार नाही. एकच हरिपाठ रोज म्हणणारी माणसं आपल्याकडे घरोघर आहेत आणि त्यांच्या डोक्याची कुणी काळजी करत नाही. त्यातून ‘द वॉल’ तर परत येण्यासाठीच रचला आहे. शेवटच्या गाण्यात एक साधीशी चाल वाजत असते आणि ती मावळता मावळता एक आवाज अर्धंच वाक्य बोलून थांबतो. त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग पहिल्या गाण्याच्या तोंडाशी, त्याच चालीवर, ऐकू येतो. दोन्ही तुकडे जोडले तर अर्थ होतो, आपण इथूनच आत आलो होतो ना? पहिल्यांदा ऐकताना हे सहसा लक्षात येत नाही, कारण तो आवाज अगदी बारीक आहे आणि त्याच्या पाठोपाठ वाद्यांचा असा काही दणका येतो की मागचं सगळं पुसलं जातं. बँडचा गायक आणि गीतकार रॉजर वॉटर्सने अल्बमचा शेवट सुरुवातीला मुद्दाम नेऊन जोडला आहे.

आणि अशा जागा त्यात ठायी ठायी पेरलेल्या आहेत. ‘यंग लस्ट’ या गाण्याच्या शेवटी फोन जोडून देणारी ती बाई आठवा. पलीकडे एक पुरुष फोन उचलतो, ‘हॅलो’ म्हणतो आणि ठेवून देतो, आणि ती गोंधळून विचारते की तिकडे तुमच्या पत्नीशिवाय आणखी कुणी असायला हवं का. ती नटी नाही. ती खरीखुरी टेलिफोन ऑपरेटर होती, आणि आपलं बोलणं ध्वनिमुद्रित होतंय हे तिला ठाऊक नव्हतं. पलीकडचा माणूस होता ध्वनिमुद्रक जेम्स गथ्री यांचा लंडनमधला शेजारी. त्याने ठरल्याप्रमाणे फोन आपटला. तिच्या आवाजातला संकोच खरा आहे, म्हणून अल्बमच्या नायकाचा, पिंकचा, संसार मोडल्याचं आपल्याला त्या चार वाक्यांतून जितकं कळतं तितकं पुढच्या अख्ख्या गाण्यातून कळत नाही. (‘यंग लस्ट’ हे गाणं म्हणून मला बेताचंच वाटतं. ऑपरेटरच्या त्या संवादासाठी मी ते ऐकून घेते.) असं काम केलेल्या गोष्टीकडे माणूस परत परत जाणारच.

तेव्हा फिरून फिरून तिथेच येणं चूक नाही. पण तुमचं वर्तुळ हे त्या अल्बमचं वर्तुळ नाही. तुम्ही अर्ध्यातून मागे वळता. पत्र दुसऱ्यांदा वाचताना माझं लक्ष ‘13’ या आकड्यावर अडकलं.

‘द वॉल’ 30 नोव्हेंबर 1979 ला निघाला. दोन तबकड्या, 26 गाणी, दोन्हींवर बरोबर 13-13. तेरावं गाणं ‘गुडबाय क्रुएल वर्ल्ड’, जेमतेम सव्वा मिनिटाचं. 1980 आणि 81 मध्ये या मंडळींनी हा अल्बम रंगमंचावर केला तो फक्त चार ठिकाणी: लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचं युनियनडेल, लंडन आणि जर्मनीतलं डॉर्टमुंड. कारण तो जिकडेतिकडे नेणं परवडण्यासारखं नव्हतं. पूर्वार्धभर कामगार पुठ्ठ्याच्या पांढऱ्या विटा एकावर एक रचत जायचे. वादक वाजवत असायचे आणि त्यांच्यासमोर सुमारे 40 फूट उंच भिंत उभी राहत जायची. शेवटी एकाच विटेची जागा उरायची. त्या खिडकीतून वॉटर्स हे तेरावं गाणं गायचा, आणि गाणं संपता संपता ती वीटही बसायची. प्रेक्षकांपुढे कोरी भिंत. मग मध्यंतर.

तुम्ही रोज रात्री मध्यंतराला उठून जाता, बाई, आणि परत पहिल्या घंटेला येऊन बसता. नाटकवाल्यांच्या गावातल्या आहात, एवढ्यावर बाकीचं समजाल.

तुमच्या मामेभावाने भरून दिलेली कॅसेट बहुधा 90 मिनिटांची असणार. अख्खा अल्बम 81 मिनिटांचा आहे, म्हणजे एकेक तबकडी एकेका बाजूवर नेमकी बसते. ए बाजू संपली की भिंत पुरी. मग टेपचा खटका पडायचा, कॅसेट काढायची, उलटी घालायची. बारावीच्या वर्षभर दुसरं काही ऐकलं नाही म्हणता, म्हणजे तेव्हा तुम्ही ती शेकडो वेळा उलटी घातली असणार. तेव्हा बी बाजू अंगावर आली नाही. आता येते.

हे असं का, ते मला वाटतं तसं सांगते. चुकत असेन तर तुम्हाला लगेच कळेल.

या अल्बमची गोष्ट साधारण सगळ्यांना अशी माहीत असते: पिंक नावाचा एक गायक, बाप युद्धात मेलेला, आईने पंखाखाली घुसमटवलेला, मास्तरांनी वर्गात चेचलेला, बायको दुरावलेली. प्रत्येक घाव म्हणजे एक वीट. बापाची वीट तर वॉटर्सची स्वतःचीच आहे. त्याचे वडील फेब्रुवारी 1944 मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत पडले, तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. त्यामुळे हा दुखावल्या गेलेल्या माणसाचा अल्बम आहे असं आपण धरून चालतो. 17 व्या वर्षी तर आपल्याला तेवढंच हवं असतं.

पण तो सुचला तो वेगळ्याच प्रसंगातून. 6 जुलै 1977, माँट्रियलचं ऑलिंपिक स्टेडियम, लांबलेल्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम. प्रचंड गर्दी, फटाके, आरडाओरडा. ऐकायला कुणी आलंय असं वॉटर्सला वाटेना. पुढच्या रांगेतला एक मुलगा कुंपणावर चढायला बघत होता, ओरडत होता. वॉटर्स त्याच्या तोंडावर थुंकला. हजारो लोकांसमोर. नंतर तो स्वतःच हादरला. आपण हे काय केलं, आपण इथवर कसे आलो, हा प्रश्न त्याला पडला आणि आपल्यात आणि समोरच्या माणसांत एक भिंत बांधून दाखवायची ही कल्पना तिथून निघाली. म्हणजे ‘द वॉल’च्या मुळाशी आहे तो दुखावणारा माणूस. आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाचा चारचौघांत अपमान करून बसलेला, आणि त्याने बेचैन झालेला.

पूर्वार्ध सांगतो, इतरांनी माझं काय केलं. उत्तरार्ध विचारतो, आणि मी काय केलं? पहिलं गाणं ‘इन द फ्लेश’ दुसऱ्यांदा येतं तेव्हा पिंक हुकूमशहाच्या थाटात मंचावर उभा राहून प्रेक्षकांतली माणसं बोट दाखवून निवडतो, याला भिंतीला लावा, त्याला भिंतीला लावा. ‘स्टॉप’ हे अर्ध्या मिनिटाचं गाणं आहे. नुसता पियानो, त्यावर थकलेला आवाज. तो म्हणतो की मला घरी जायचंय, पण या कोठडीत थांबलोय, कारण इतका काळ अपराधी मीच होतो का, ते मला कळायला हवं. आणि लगेच खटला सुरू होतो. मास्तर साक्षीला येतो, बायको येते, आई येते, न्यायाधीश निकाल देतो.

17 व्या वर्षी तुम्ही हा खटला आरोपीच्या बाजूला बसून ऐकत होतात. मास्तर हा दुसरा कुणीतरी होता, आई ही दुसरी कुणीतरी होती. आज साक्षीदारांची नावं पुकारली जातात तेव्हा त्यातली दोन तुमचीच निघतात. गाणं तेच आहे, कोर्टातली तुमची जागा बदलली आहे. अंगावर येईल नाहीतर काय!

आता तुमच्या पत्रातल्या त्या चार ओळींकडे येते. ती वही, ती चित्रं, तुमची दोन वाक्यं आणि वर्गाचं हसणं. तुम्ही ते ‘शाळेत तसं ठीक चाललंय’ असं म्हणून मध्येच घातलंत आणि पुढे निघून गेलात. पण घटक चाचणी जुलै-ऑगस्टकडे असते, आणि माळ्यावर पडलेला अल्बम तुमच्या कानात परत आला तोही जुलैपासून. 25 हून जास्त वर्षं ज्याच्याशिवाय तुमचं काही अडलं नव्हतं, तो नेमका त्याच दिवसांत का आठवावा? मला वाटतं, त्या मुलाची खाली गेलेली मान तुम्हाला दिसते आहे आणि बघवत नाहीये. पूर्वार्धात तुम्ही पुन्हा 17 वर्षांच्या होता. तिथे तुम्ही फक्त सोसणाऱ्या आहात. भिंत पुरी होईपर्यंत तिथे सुरक्षित आहे.

हे मी तुम्हाला पिंजऱ्यात उभं करायला लिहीत नाही. स्वतःचं व्यंगचित्र वहीत अचानक दिसलं की कुणालाही लागतं. दिवसभर 60-60 पोरांचे वर्ग सांभाळून घसा बसलेला असताना तर जास्तच. आणि हे समजून घेण्याची जागा त्या अल्बममध्येच आहे, तीही तुम्ही रोज ऐकता त्या भागात. ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’. मुलांची प्रत्येक कमजोरी हुडकून त्यांच्यावर तुटून पडणारे मास्तर घरी गेल्यावर बायकोचा मार खातात, असं वॉटर्स तिथे सांगून टाकतो. पुष्कळांना ते मास्तरांची टर उडवणं वाटतं. मला ते त्या गाण्यातलं सगळ्यात खरं निरीक्षण वाटतं. अपमान नेहमी वरून खाली सरकतो आणि शेवटी ज्याच्या खाली कुणी नाही त्याच्यापाशी थांबतो. नववीतल्या पोराच्या खाली कोण असणार?

1982 मध्ये ॲलन पार्करने यावर चित्रपट केला, त्यात मास्तर छोट्या पिंकची वही हिसकावतो आणि त्याची कविता वर्गाला हेल काढून वाचून दाखवतो. वर्ग हसतो. हे दृश्य तुम्हाला माहीत असेल तर आजवर ते आठवलंही असेल. मला त्याहून जास्त हलवतं ते ‘नोबडी होम’. तुमच्या यादीत ते नाही, दुसऱ्या तबकडीवरचं आहे. हॉटेलच्या खोलीत पिंक आपल्यापाशी काय काय उरलंय ते मोजत बसतो. दात घासायचा ब्रश आणि कंगवा ठेवलेली पिशवी, टीव्हीच्या 13 वाहिन्या, सिगारेटींनी पिवळी पडलेली बोटं. आणि या जंत्रीत अगदी पहिली वस्तू कोणती? कविता लिहिलेली एक छोटी काळी वही. पैसा, नाव, सगळं मिळून उद्ध्वस्त झालेला माणूस, पण वही त्याने टाकलेली नाही. तुमच्या त्या विद्यार्थ्याने चित्रांची वही ठेवली आहे की फाडून टाकली, हे तुम्हाला माहीत आहे का?

म्हणून पहिलं काम गाण्याचं नाही. त्या मुलाशी बोला, आणि आधी ते करा. त्याला शिक्षक-खोलीत बोलावू नका. तिथे बोलावणं म्हणजे नवीन शिक्षा असंच पोरांना वाटतं, आणि तिथे इतर चार जणांचे कान असतात. मधल्या सुट्टीनंतर व्हरांड्यात, मैदानाच्या कडेला, जिथे बाकीचे दिसतील पण ऐकू जाणार नाही, अशा जागी गाठा. थोडकं बोला. “तुझी वही मी वर्गाला दाखवली ते चुकलं माझं. तुला हसावं असं काही तू केलं नव्हतंस.” बस. त्या दिवशी तुम्ही किती दमला होतात, चित्रं काढायची वेळ ती नव्हती, अभ्यास किती महत्त्वाचा, यातलं काही त्या वाक्याला जोडू नका. ‘पण’ लागला की माफी संपली. चित्रं छान होती असं उगाच म्हणू नका, खरंच आवडली असतील तरच म्हणा. तो काही बोलेल अशी अपेक्षा ठेवू नका. बहुतेक मान हलवून निघून जाईल.

हसू वर्गात झालं होतं, तेव्हा एक वाक्य वर्गातही बोलायला लागेल. पण त्यालाच विचारून. “मी वर्गात सांगू का, की त्या दिवशी माझं चुकलं?” नको म्हणाला तर नको. त्या दिवशी त्याला कुणी विचारलं नव्हतं, निदान या वेळी विचारलं जावं. आणि महिनाभराने, इतर तासांनाही, तो असाच गप्प दिसला तर वर्गशिक्षकांना सांगून घरच्यांशी बोला. कदाचित तुमच्या तासाखेरीज आणखी काही चालू असेल.

मग अल्बम. उत्तरार्ध रात्री अंधारात पडून, इअरफोन घालून ऐकू नका. रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, बाहेरच्या खोलीत स्पीकरवर लावा. ‘हे यू’पासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता, सुमारे 42 मिनिटं. शक्यतो ह्यांनाही बसवा. त्यांना आवडायची गरज नाही, पेपर वाचत बसले तरी चालतील. ‘कम्फर्टेबली नम्ब’ आलं की एक गोष्ट मनात असू द्या. 1977 च्या त्याच दौऱ्यात फिलाडेल्फियाला पोटात भयंकर कळा येत असताना वॉटर्सला इंजेक्शन देऊन मंचावर उभं केलं गेलं, त्या बधिरपणातून हे शब्द आले. आणि बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर याची शेवटची गिटार. रंगमंचावर तो ती भिंतीच्या माथ्यावर उभा राहून वाजवायचा. अख्ख्या अल्बममध्ये भिंतीच्या वर गेलेला पहिला आवाज तो आहे. जगभर लोक त्या गिटारसाठी जीव टाकतात आणि तुम्ही ती गेले कित्येक महिने ऐकलेली नाही, हे वाचून खरं सांगते, मला तुमच्यासाठी वाईट वाटलं.

‘द ट्रायल’चं दडपण घेऊ नका. रॉकच्या पुष्कळ चाहत्यांना ते फार नाटकी वाटतं, वाद्यवृंद काय, एकट्या वॉटर्सने काढलेले सगळ्या पात्रांचे आवाज काय. आपला कान नाटकांवर पोसलेला आहे, आपल्याला ते परकं वाटायचं कारण नाही. आणि निकाल नीट ऐका. न्यायाधीश सगळ्यांत कडक शिक्षा द्यायचं जाहीर करतो आणि शिक्षा काय, तर भिंत पाडा. चारचौघांना तू जसा आहेस तसा दिसू दे. त्यानंतरच्या ‘आउटसाइड द वॉल’ला कार्यक्रमात ढिगाऱ्यातून वाट काढत सगळे वादक पुढे यायचे, हातात क्लॅरिनेट, मँडोलिन अशी साधी वाद्यं, आणि वाजवत निघून जायचे. पावणेदोन मिनिटांचं गाणं. ते ऐकल्याशिवाय तुम्ही पहिल्या गाण्याकडे परत गेलात तर अल्बमने जोडून दिलेलं ते अर्धं वाक्य तुमच्या वाट्याला येतच नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. नुसतं ऐकून काही होत नाही. ऐकून कशाला, हा अल्बम करूनही होत नाही. माणसामाणसांतल्या भिंतींवर गाणी रचत असतानाच या मंडळींनी आपला कीबोर्डवादक रिचर्ड राइट याला बाहेर काढलं. जो सुरुवातीपासून सोबत होता, तो त्या कार्यक्रमांत पगारी वादक म्हणून वाजवत होता. पुढे 1985 मध्ये वॉटर्सही बाहेर पडला, कोर्टकचेऱ्या झाल्या. ज्यांनी ती गाणी लिहिली त्यांना ती गाणी वाचवू शकली नाहीत. म्हणून मुलाशी बोलणं आधी आणि रविवार नंतर, हा क्रम बदलू नका.

झोपेचं हलकं घेऊ नका. सकाळच्या शाळेच्या माणसाने रोज दीडला झोपून चालत नाही, आणि अपुऱ्या झोपेनेही माणूस वर्गात बोचरं बोलतो. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. हे सगळं करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप येईना, कशातच रस वाटेना असं झालं, तर मग ते गाण्याचं वेड नाही. तुमच्या डॉक्टरांना भेटा, किंवा ‘टेलि-मानस’ या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, मराठीतून बोलता येतं. कुमारांच्या भजनांची घाई करू नका. ती स्वतःशी खरं बोलायला लावणारी गाणी आहेत, सध्या नकोशी वाटतात यात मला नवल वाटत नाही. ती कुठे जात नाहीत.

मुलाला पुन्हा ऐकायला बसवू नका. अकरावीतल्या पोराला आईने दिलेलं बंड नको असतं, आणि ते ठीकच आहे. ‘यात एवढं आहे काय’ याचं उत्तर मात्र त्याला द्या, तो प्रश्न चांगला आहे. त्याला सांगा, एका माणसाने एका पोराचा सगळ्यांसमोर अपमान केला आणि मग आपण असे कसे झालो हे शोधायला त्याला 26 गाणी लागली. हवं तर नववीतल्या मुलाचंही सांगा. मुलांना आईबापांचं हे कळलेलं चांगलं असतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चा दुसरा भाग, ज्यात पोरं एका सुरात शाळेला नको म्हणतात. ती पोरं लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेची. स्टुडिओ शाळेपासून हाकेच्या अंतरावर होता. 23 मुलं होती, आवाजावर आवाज चढवून ती कितीतरी जास्त भासवली आहेत. त्यांना तिथे कोण घेऊन गेलं? त्यांचे संगीतशिक्षक ॲलन रेनशॉ. मुख्याध्यापिकेला न विचारता. बाईंना शब्द कळले तेव्हा त्या नाराज झाल्या, पण गाणं तोवर झालेलं होतं. 1980 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांनी निकृष्ट शिक्षणाविरुद्ध शाळांवर बहिष्कार टाकला तेव्हा हेच गाणं म्हटलं, आणि तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. आणि ते लिहिणारा वॉटर्स? त्याचे वडील शिक्षक होते. त्याला एकटीने वाढवणारी आई केंब्रिजमध्ये शिक्षिका होती. तेव्हा शिक्षिकेने हे गाणं ऐकण्यात काही चुकत नाही. ते शिक्षकांच्या घरातूनच आलंय, आणि शिक्षकानेच ते मुलांकडून गाऊन घेतलंय. उद्या वर्गात कुणी गुणगुणताना सापडलं तर तुम्हालाही आवडतं म्हणून सांगा.

त्या मुलाशी बोलणं झालं की मला दोन ओळी लिहा. त्या मी छापणार नाही.

– ताई